दाना खरा होता

मी दुबईत नशीब वाटायचं काम केलं. लग्नकार्यात कुणी विचारलं, तिकडे तुम्ही काय करत होतात, की मी हेच सांगते. समोरच्या बाई आधी विचारतात, ज्योतिष का? मग विचारतात, लॉटरी? दोन्ही नाही म्हटल्यावर मी खरं ते सांगते, की मी एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत होते, आणि तिथे त्यांचा चेहरा पडतो. 'म्हणजे मुलांचे खेळ' असं म्हणून त्या ताटातल्या जिलबीकडे वळतात. वळू देत. ज्यांच्या नवऱ्यांनी जन्मभर रेती विकली त्यांना कुणी 'मुलांची वाळू' म्हणत नाही.

नव्वदच्या दशकात मी शारजात एका शिपिंग एजन्सीच्या टेलिफोनवर बसायचे. चांगलं इंग्रजी, चालू हिंदी, कामापुरतं अरबी, आणि समोरचा ओरडत असताना आपला आवाज न चढवण्याची सवय, एवढं माझं भांडवल. नवं शतक लागलं तेव्हा शेख झायद रोडच्या कडेला काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यातल्या एका इमारतीत समीर गेम बनवत होता. समीर आमच्या ओळखीच्या कुटुंबातला. आई-वडील सांगलीचे, हा जन्मला आणि वाढला दुबईत. शिकायला बाहेर जाऊन परत आलेला. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. त्याला ग्राहकांचे फोन घ्यायला माणूस हवं होतं. त्याच्या आईने माझं नाव सुचवलं. मी आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळले नव्हते, हे मी मुलाखतीत सांगितलं. तो म्हणाला, "परफेक्ट, आंटी. यू वोन्ट टेक साइड्स."

ते त्याचं भाकीत चुकलं, पण त्याकडे येतेच.

आधी धंदा सांगते. आमच्या गेममध्ये जुन्या आखातातलं एक मोत्यांचं गाव होतं. शेकडो माणसं आपापल्या कॉम्प्युटरवरून एकाच वेळी त्या गावात यायची. कुणी अबू धाबीच्या घरातून, कुणी शारजाच्या इंटरनेट कॅफेतून. बाजारात गप्पा मारायच्या, चारपाच जणांनी मिळून होडी काढायची, पाण्यात बुडी मारायची, खालच्या माशांशी आणि राक्षसांशी लढायचं आणि शिंपले वर आणायचे. शिंपला उघडला की बहुतेक वेळा रिकामा. कधी बारीक मोती, कधी बरा मोती. आणि सगळ्यांत वरचा तो दाना. आखाती अरबीत सर्वांत मोठ्या, निर्दोष मोत्याला दाना म्हणतात. ज्याला दाना मिळेल तो नोखदा होणार, म्हणजे जहाजाचा कप्तान, आणि त्याला खलाशी घेऊन खोल समुद्रात जाता येणार, जिथे एरवी कुणालाच जाता येत नव्हतं.

आता यातलं इंगित. शिंपल्यात काय आहे हे तो उघडेपर्यंत कुठेच ठरलेलं नसतं. तुम्ही उघडता त्या क्षणी कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक फासा पडतो. त्या फाशाला किती बाजू, त्यातल्या किती बाजूंवर मोती, हे समीर ठरवायचा. खेळणाऱ्याला ते नशीब वाटतं आणि ते नशीब असतंही. फक्त त्याचं माप कुणीतरी करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा, जिभेला भाजू नये म्हणून त्यावर फुंकर मारता मारता ठरवलेलं असतं.

माझं काम दोन भागांचं. एक, फोन आणि ईमेल. दुसरं, स्वतः गेममध्ये जायचं. माझी आकृती पांढऱ्या अबायातली, म्हणजे पायघोळ झग्यातली होती. तिला कुणी मारू शकत नसे, ती कुठेही प्रकट व्हायची, भांडणं सोडवायची, आणि कुणी फारच शिवीगाळ केली तर त्याला एका उजाड बेटावर पाठवायची, जिथे वाळूशिवाय काही नव्हतं. सगळे मला खाला म्हणायचे. खाला म्हणजे मावशी. अरबी पोरं इंग्रजी अक्षरांत अरबी लिहायची आणि ज्या आवाजाला इंग्रजी अक्षर नाही तिथे आकडा घालायची. मी तेही वाचायला शिकले. शिपिंग एजन्सीत मला कुणी मावशी म्हणालं नव्हतं.

लोक नशिबापुढे कसे वागतात ते मी रोज बघत होते. अबू धाबीत बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले थॉमस नावाचे गृहस्थ होते. दर शनिवारी, आठवडा सुरू झाला की, त्यांचा फोन. त्यांचं म्हणणं असं, की आंघोळ करून, पश्चिमेकडे तोंड करून शिंपला उघडला तर मोती निघतो. मी म्हणायचे, "थॉमस साहेब, फाशाला तुम्ही कुठे बसलात ते दिसत नाही."

ते म्हणायचे, "मॅडम, मी लोकांची कर्जं मंजूर करतो. मला पॅटर्न दिसतो."

"दिसत असेल. पण तो तुमच्या डोक्यात आहे, समुद्रात नाही."

ते पुढच्या शनिवारी पुन्हा फोन करायचे. कर्जं ते कशी मंजूर करत असतील, हा विचार मी मनात दाबून टाकायचे.

दुसरी ग्रेस. अजमानच्या एका दवाखान्यात नर्स, मनिलाची. ती कधी तक्रार करायची नाही, आणि म्हणूनच तिचा ईमेल आला तेव्हा मी दोनदा वाचला. तिने लिहिलं होतं, की मी किती आठवडे रिकामे शिंपले उघडतेय, माझ्याबरोबरच्या सगळ्यांना काही ना काही मिळालं, मला फक्त एवढं सांगा की माझं खातं बिघडलेलं नाही ना. मी समीरकडे गेले. त्याने तपासलं. बिघडलेलं काही नव्हतं, तिचं नशीबच खोटं होतं.

"रँडम इज फेअर, आंटी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "फासा न्यायी आहे, मान्य. पण ती बाई दिवसभर आजारी माणसं उचलून ठेवते आणि रात्री तुझ्या समुद्रातून रिकाम्या हाताने वर येते. हा समुद्र तू बनवलायस. खऱ्या समुद्राला दयामाया नाही. तुझ्या समुद्राला का असू नये?"

तो पडद्याकडे वळला. मग त्याने नियम बदलला. शिंपले सलग रिकामे निघत गेले की प्रत्येक पुढच्या शिंपल्याला मोत्याची शक्यता थोडी वाढायची. खेळणाऱ्यांना सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. पुढच्या आठवड्यात ग्रेसला मोती मिळाला आणि तिने बाजारात सगळ्यांना आरोळी ठोकून दाखवला. आता मोठमोठ्या गेममध्ये असले नियम असतात असं माझी मुलगी सांगते. असतील. आमच्याकडे तो एका मावशीच्या आग्रहाने आला, आणि तो बरोबर होता.

समीरबद्दल हे मुद्दाम सांगितलं. कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला खलनायक कराल, आणि तो नव्हता.

दाना गेममध्ये पहिल्या दिवसापासून होता, पण फाशाला इतक्या बाजू होत्या की वर्ष उलटून गेलं तरी कुणाला मिळाला नव्हता. लोक म्हणू लागले, दाना नाहीच, कंपनी फसवते. कंपनीत ज्यांचे पैसे होते त्या मालकांना मात्र त्यात संधी दिसली. त्यांनी ठरवलं, हिवाळ्यात एका मॉलमध्ये मोठी स्पर्धा घ्यायची, स्टेज, दिवे, पाहुणे, आणि पहिला दाना तिथे, सगळ्यांसमोर निघायचा. हॉल ठरला, पोस्टर छापायला गेली. तोपर्यंत दाना बंद ठेवा, असा समीरला निरोप आला. समीरने तो निरोप वाचला आणि इतर दहा कामांत मागे ठेवला. इतका दुर्मीळ दाना, मध्ये कुणाला मिळणार.

एका शुक्रवारी दुपारी मिळाला.

मिळाला तो नाखवा नावाच्या खेळाडूला. खरं नाव वसंत. देवगडकडचा. हमरियाच्या फ्री झोनमध्ये जहाजांना रंग मारायच्या कामावर होता, कामगारांच्या कॅम्पात राहायचा, आणि शुक्रवारी सुट्टीला शारजात रोलाजवळच्या कॅफेत येऊन खेळायचा. त्याने आपलं नाव नाखवा ठेवलं होतं. आमचा नोखदा आणि त्याच्या किनाऱ्यावरचा नाखवा हा एकच शब्द असावा, हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हा आम्हा दोघांनाही विनाकारण आनंद झाला होता. उथळ पाण्यात, जिथे नवशिके पोहतात, तिथला एक शिंपला त्याने उघडला आणि पूर्ण गावावर घोषणा झळकली, की नाखव्याला दाना मिळाला. बाजारात जी माणसं होती ती नाचू लागली. थॉमस साहेबांनी विचारलं, तो कुठे तोंड करून बसला होता. समीर जेवायला बाहेर गेला होता, ऑफिसात मी एकटीच होते, मी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी समीर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

"वुई हॅव टू टेक इट बॅक," तो म्हणाला.

"का? काही गडबड झाली का?"

"नो. इट्स क्लीन. फासा बरोबर पडला." इथे तो चक्क मराठीत बोलला, त्यावरून मला त्याची अवस्था कळली. मालक चिडले होते. मॉल, पोस्टर, पाहुणे. पहिला दाना स्टेजवरच निघाला पाहिजे, म्हणजे हा निघालाच नाही असं झालं पाहिजे. मी नोटीस लिहायची होती, की एका खेळाडूने गैरमार्ग वापरल्याचा संशय असल्याने दाना काढून घेण्यात येत आहे.

मी म्हटलं, "कंपनीची चूक झाली असं लिहायला सांग, मी लिहिते. त्याने गैरमार्ग वापरला असं मी लिहिणार नाही."

"कंपनीची चूक म्हटलं तर लोक म्हणतील बाकीचंही चुकीचं आहे. आंटी, प्लीज. इट्स जस्ट अ गेम."

"गेम आहे हे तू म्हणतोस? मी म्हटलं असतं तर चाललं असतं."

मी लिहिलं नाही. नोटीस त्यानेच लिहिली, दाना त्यानेच काढला, आणि नाखव्याचं खातं बंद केलं. मी तिथेच बसून होते. तो लिहीत असताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी फोन आला. मागे यार्डातला घणघणाट.

"बाई, माजो मोती खंय गेलो?"

मी सांगितलं, की कंपनीने काढून घेतला. का, हे मला सांगायची परवानगी नव्हती. तोच पुढे बोलला. "मोती ऱ्हवांदे तुमच्याकडे. पण माका चोर म्हणू नकात. कॅम्पात सगळे इचारतत, काय हॅक केलंस म्हणान. फोरमनाक कळलां तर माका घराक धाडतले."

गावाकडच्या वाचकांना यातली भीती कदाचित समजणार नाही. तिथे माणूस नोकरीच्या व्हिसावर असतो. नोकरी गेली की देशही गेला. 'फ्रॉड' हा शब्द त्याच्या नावाशेजारी कुठे छापून आला, मग तो गेममध्ये का असेना, तो कुणाच्या कानावर कसा जाईल याचा भरवसा नाही. त्याला मोत्याचं काहीच वाटत नव्हतं असं नाही. पण त्याने मोत्याची किंमत आणि नावाची किंमत तराजूत टाकली होती, आणि मला त्याचा हिशेब पटला.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही चोर नाही. हे मला माहीत आहे."

"तुमका म्हायत आसून काय उपयोग," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. रागाने नाही. त्याची जेवणाची सुट्टी संपली होती.

पुढचा शुक्रवार. शुक्रवारी गावात सर्वांत जास्त गर्दी, म्हणून त्या दिवशी समीर आणि मी दोघेही ऑफिसात असायचो. दुपारी बाजारात ग्रेस आली आणि फळांच्या दुकानासमोर खाली बसली. गेममध्ये बसायची सोय होती, एक शब्द टाइप केला की आकृती मांडी घालायची. ती बसली आणि तिने लिहिलं, नाखवा कुठे आहे? तिच्या शेजारी आणखी एक बसला. मग थॉमस साहेब आले. माझी खात्री होती ते दिशा विचारणार, पण ते काही न बोलता बसले. मग शिंपले टाकून होड्या परत येऊ लागल्या. अरबी पोरं, केरळी, पाकिस्तानी टॅक्सीवाले, शाळकरी मुलं, सगळे बंदरापासून मशिदीच्या पायरीपर्यंत बसलेले. कुणी शिवी दिली नाही. एकच प्रश्न, चार-पाच भाषांत आणि आकडे घातलेल्या अरबीत. नाखवा कुठे आहे?

जिथे चार माणसं रस्त्यावर कशासाठी जमली तर पोलीस येत नाहीत ना म्हणून आधी सगळे इकडेतिकडे बघतात, अशा देशात ती माणसं राहत होती. त्यांना बसायला तेवढीच एक जागा होती, आणि ती आमच्या सर्व्हरवर होती.

एवढी माणसं एका ठिकाणी आली की सर्व्हर दमतो. पडदा अडखळू लागला. समीरचा फोन वाजला, मालकांचा. त्याने ऐकलं, ठेवला आणि मला म्हणाला, "आंटी, सेंड देम टु द आयलंड. ऑल ऑफ देम."

मी माझ्या आकृतीला बाजारात नेलं. पांढरा अबाया दिसताच लिहिणं थांबलं. त्यांना ठाऊक होतं मी काय करू शकते. ग्रेस माझ्यासमोर बसलेली होती. तिने एवढंच लिहिलं, "हाय खाला."

मी टाइप केलं, इंग्रजीत आणि खाली हिंदीत: दाना खरा होता. नाखव्याने फसवलेलं नाही. कंपनीने तो काढून घेतला.

मग मी बसायचा शब्द टाइप केला आणि ग्रेसच्या शेजारी मांडी घातली.

समीर माझ्या खुर्चीमागे उभा होता. "आंटी, व्हॉट आर यू डुइंग?"

"बसलेय."

"दे विल फायर यू."

"माहीत आहे."

मालकांचा फोन पुन्हा वाजू लागला. तो त्याने उचलला नाही. आपल्या टेबलाशी गेला, आणि मला वाटलं आता तो स्वतः सगळ्यांना बेटावर पाठवणार, मलाही. काही वेळाने गावावर घोषणा झळकली. नाखव्याचं खातं सुरू करण्यात आलं आहे. दाना त्याचा आहे. खाली त्याने सही केली होती, कंपनीच्या नावाची नाही, स्वतःच्या नावाची.

मी धाडसी वगैरे नाही, हे इथेच सांगून टाकते. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता. मला काढलं तरी मला कुणी विमानात बसवणार नव्हतं. ज्याचा मोती होता त्याला तोंड उघडणं परवडत नव्हतं, मला परवडत होतं. ज्याला परवडतं त्याने बोलावं, एवढा साधा हिशेब. परवडत असूनही जे गप्प बसतात आणि वर त्याला व्यवहार म्हणतात, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

रविवारी मालकांनी बोलावलं. माफीचा मजकूर तयार होता, सही केली तर नोकरी राहील म्हणाले. मी विचारलं, माफी कशाबद्दल, खरं बोलल्याबद्दल की शुक्रवारी बोलल्याबद्दल? ते म्हणाले, मॅडम, खलास. मी म्हटलं, खलास. घरी आले तर नवरा म्हणाला, आता काय? मी म्हटलं, आता टेलिफोन. मला त्याच एजन्सीत परत घेतलं.

समीरला त्यांनी काढलं नाही, काढता येत नव्हतं, गेम त्याच्याच डोक्यात होता. मॉलमधली स्पर्धा झाली, दान्याऐवजी दुसऱ्या कसल्याशा बक्षिसाची. दोनेक वर्षांनी कंपनी बंद पडली आणि ते गाव, बाजार, बंदर, सगळं एका बटणासरशी नाहीसं झालं. याची हळहळ आहे. लग्नात जिलबीकडे वळणाऱ्या बायकांना मी ते गाव आता दाखवू शकत नाही. समीर नंतर कॅनडात गेला. माझं त्याच्याशी भांडण कधी नव्हतं, पण त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्याने नोटीसही लिहिली होती आणि घोषणाही. दोन्ही त्याचीच, आणि मला दोन्ही आठवतात.

नोकरी गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी नवऱ्याला घेऊन रोलाजवळच्या त्या कॅफेत गेले. नाखव्याला मी कधी पाहिलं नव्हतं. शोधावं लागलं नाही. एका कॉम्प्युटरभोवती घोळका होता आणि मधल्या खुर्चीत एक किडकिडीत, कानाच्या पाळीला लाल रंग लागलेला माणूस बसला होता. पडद्यावर जहाज. खलाशांच्या यादीत मला ओळखीची नावं दिसली. ग्रेस होती, थॉमस साहेब होते.

मी माझं नाव सांगितलं. तो एकदम उठून उभा राहिला.

"बाई, तुमी?"

"मीच."

घोळक्यातल्या एकाने माझ्या नवऱ्याला चहा आणून दिला. मग नाखव्याने विचारलं, "तुमी कधी खेळलात काय?"

मी म्हटलं, कंपनीतल्या माणसांना खेळायला बंदी असते. मी कधी एक शिंपलाही उघडला नाही.

"आता तुमी कंपनीत नाय."

"नाही."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मगे बसा."

खोल समुद्र होता तो, जिथे आजवर कुणी गेलं नव्हतं. त्याने बुडी कशी मारायची ते दाखवलं, घोळका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी तळाशी गेले, शिंपला उचलला, वर आणला आणि उघडला. रिकामा. सगळे हळहळले, नाखवा तर माझ्यापेक्षा जास्त. त्याला वाटलं मी आता उठेन.

मी त्याला म्हटलं, सरक जरा, मला पडदा नीट दिसू दे. आणि पुन्हा बुडी मारली.